देवगडचे अर्धवट घर आणि कंत्राटदाराकडे अडकलेले पैसे

प्रश्न: डोंबिवलीचा चाकरमानी (27 ऑक्टोबर 2025)

आमचे मूळ गाव देवगड तालुक्यात असून मी नोकरीनिमित्त डोंबिवलीत राहतो. गावचे मातीचे घर मोडकळीस आल्यामुळे त्याच जागेवर 900 चौरस फुटांचे चिऱ्याचे, स्लॅबचे घर बांधण्याचे काम मी नोव्हेंबर 2024 मध्ये शेजारच्या गावातील एका कंत्राटदाराला दिले. मुद्रांकपत्रावर करार झाला आहे. सर्व सामानासह 1,900 रुपये चौरस फूट, म्हणजे एकूण 17,10,000 रुपये, असा दर ठरला आणि 31 मे 2025 पर्यंत काम पुरे करण्याचे त्याने लिहून दिले. उशीर झाल्यास दिवसाला 500 रुपये दंड, असेही एक कलम करारात आहे.

जोते झाल्यावर 3 लाख, भिंती लिंटेलपर्यंत (दार-खिडक्यांवरच्या आडव्या पट्टीपर्यंत) आल्यावर 4 लाख, स्लॅबच्या वेळी 4 लाख आणि त्यानंतर "लाकूड आणि गिलाव्याची वाळू आताच उचलतो, पुढे दर वाढतील" असे त्याने सांगितल्यामुळे आणखी 2 लाख, असे एकूण 13 लाख रुपये मी दिले. यांपैकी 9,50,000 बँकेतून गेले. रोख दिलेल्या 3,50,000 पैकी 2 लाखांवर डायरीत त्याची सही आहे आणि उरलेल्या दीड लाखांबाबत केवळ "पोचले" असा व्हॉट्सॲपवरचा संदेश आहे. 10 एप्रिलपासून त्याचे कामगार साइटवर आलेले नाहीत. दारे-खिडक्या, गिलावा, फरशी, नळ, वीज आणि स्लॅबवरची पॅरापेट (कठडा) यांतले काहीही झालेले नाही. आता तो म्हणतो की पाऊस लवकर आला म्हणून काम थांबले. या वर्षी पाऊस 25 मेलाच देवगडात पोचला हे खरे असले, तरी त्याआधीचा दीड महिना तो कुठे होता, याचे उत्तर त्याच्याकडे नाही.

गणपती नव्या घरात बसवायचा आमचा बेत होता, तो शेवटी चुलत्यांच्या पडवीत बसवावा लागला. चतुर्थीच्या आधी मी फार मागे लागल्यावर त्याने 20 ऑगस्ट या तारखेचा 2 लाखांचा धनादेश दिला आणि दिवाळीपर्यंत भरू नका, असे सांगितले. दिवाळी झाली, तरी तो माझ्याजवळच पडून आहे. एका परिचित अभियंत्याच्या मते झालेल्या कामाची किंमत कराराच्या दराने साधारण 9,10,000 रुपये होते. दुसरा कंत्राटदार उरलेल्या कामाचे 8,60,000 मागतो आणि 5 नोव्हेंबरला काम सुरू करायला तयार आहे. माझ्या हिशेबाने जास्त गेलेले 3,90,000 आणि नव्याने द्यावे लागणारे 8,60,000, असा 12,50,000 रुपयांचा दावा होतो, शिवाय दंड वेगळा. मेहुण्याचे म्हणणे आहे की सरळ पोलिसांत फसवणुकीची तक्रार करावी. वडील म्हणतात, ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणे घालावे. पहिल्या कंत्राटदाराचे सेंटरिंगचे सामान (स्लॅब ओतताना खाली लावायच्या फळ्या-टेकू) अजून आमच्या आवारात आहे. ते अडवून ठेवावे काय? जाणकारांनी मार्ग सांगावा.

उत्तर: निवृत्त ओव्हरसियर, कुडाळ (27 ऑक्टोबर)

कायद्याचे कायदेवाले सांगतील. मी बांधकामापुरते बोलतो. 5 नोव्हेंबरला नव्या माणसाला साइटवर पाऊल टाकू देऊ नका. त्याने गिलाव्याचा पहिला हात मारला, की जुन्या माणसाने नेमके काय आणि कसे केले होते ते कायमचे झाकले जाईल. मग उद्या तो "भिंती मी छपरापर्यंत नेल्या होत्या आणि खिडक्यांच्या चौकटीही बसवल्या होत्या" असे म्हणाला, तर त्याला खोटे ठरवायला आपल्याकडे परिचिताच्या तोंडी अंदाजाखेरीज काहीच नसेल.

नोंदणीकृत स्थापत्य अभियंत्याकडून पैसे देऊन रीतसर मोजमाप करून घ्या. चिऱ्याच्या भिंतींची लांबी, उंची, जाडी, स्लॅबचे क्षेत्र आणि जाडी, कॉलम आणि बीमचे आकार, जोत्याची भर, हे सर्व नकाशावर मापांसह आले पाहिजे आणि प्रत्येक बाबीसमोर कराराचा दर धरून किंमत आली पाहिजे. "अंदाजे निम्मे काम झाले आहे" अशा शेऱ्याला किंमत नसते. फोटो काढताना भिंतीला टेप लावून काढा, म्हणजे माप फोटोतच दिसेल. आवारात किती चिरे पडले आहेत, वाळू किती ब्रास आहे (ब्रास म्हणजे 100 घनफूट, हे आपणास ठाऊक असेलच), सिमेंटची पोती किती आणि त्यांतली दगड झालेली किती, याची वेगळी यादी करा. गावातले दोन माणूस साक्षीला उभे करा, मात्र ते आपले चुलते नसावेत.

दुसरी गोष्ट दर्जाची. वर मजला चढवण्यासाठी कॉलमच्या सळ्या स्लॅबवर उघड्या सोडल्या असतील, तर खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात त्यांवर चांगलाच गंज चढलेला असणार. त्याचे फोटो घ्या, सळीचा व्यास कॅलिपरने मोजून लिहून ठेवा आणि मगच वायरब्रशने घासून सिमेंटचा लेप द्या. स्लॅबच्या पोटात खडी उघडी पडलेली दिसते का, ओल कुठून उतरते, हेही लिहा. शंका आली तर अभियंत्याला रिबाउंड हॅमरची (काँक्रीटची मजबुती तपासणारी) चाचणी करायला सांगा. सदोष काम आढळले, तर झालेल्या कामाची 9,10,000 ही किंमत तेवढ्याने कमी होते, हे हिशेबाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

उत्तर: तालुका कोर्टातला वकील (28 ऑक्टोबर)

ओव्हरसियर साहेबांचे म्हणणे योग्यच आहे, परंतु त्याच्याही आधी तातडीने करण्याचे एक काम आहे. धनादेश उद्या सकाळी बँकेत भरा. त्याची मुदत तारखेपासून 3 महिन्यांची असते, म्हणजे आपल्या हाती जेमतेम तीन आठवडे आहेत. "दिवाळीपर्यंत थांबा" या विनवणीमागचा हेतू मला तरी निरागस वाटत नाही. धनादेश परत आला, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे भरण्यासाठी 15 दिवस असतात आणि ते संपल्यापासून एका महिन्याच्या आत परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली फौजदारी तक्रार दाखल करावी लागते. 2015 च्या दुरुस्तीमुळे ही तक्रार आपले खाते ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात चालते, त्यामुळे आपले खाते डोंबिवलीच्या शाखेत असल्यास प्रत्येक तारखेला देवगड गाठावे लागणार नाही.

आता हिशेब. 12,50,000 चा आकडा घेऊन कोणत्याही न्यायपीठासमोर जाऊ नका, कारण त्यात एकच नुकसान दोनदा मोजले गेले आहे. कंत्राटदाराने काम पुरे केले असते, तर आपणास आणखी 4,10,000 द्यावेच लागले असते. आता तेच काम पुरे करायला 8,60,000 लागतात. म्हणजे करारभंगामुळे आपल्या खिशाला बसलेली झळ 4,50,000 रुपयांची आहे. दुसऱ्या वाटेने गेलात, तरी उत्तर तेच येते: दिलेल्या 13 लाखांतून झालेल्या कामाचे 9,10,000 वजा केले की 3,90,000 जास्त गेलेले दिसतात आणि उरलेले 8 लाखांचे काम नवा माणूस 60,000 रुपये जास्त घेऊन करणार आहे; 3,90,000 आणि 60,000 मिळून 4,50,000. भारतीय करार अधिनियम, 1872 चे कलम 73 हीच भरपाई देते. फुगवलेला आकडा पाहिला, की समोरचा वकील पहिल्याच प्रश्नात आपली विश्वासार्हता घालवतो.

दंडाच्या कलमाचेही तसेच आहे. 1 जूनपासून आजपर्यंत दिवसाला 500 रुपये धरले तर 75,000 होतात, परंतु त्याच अधिनियमाच्या कलम 74 नुसार करारातील असा आकडा ही भरपाईची कमाल मर्यादा असते. तेवढी रक्कम आपोआप पदरात पडत नाही, न्यायालय वाजवी वाटेल तेवढी देते. मागणी जरूर करा, तीवर घराचे बजेट मात्र बांधू नका.

दाद कुठे मागावी, याबद्दल माझे मत ग्राहक आयोगाच्या बाजूने आहे. महारेराचा (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा) येथे संबंध नाही, कारण तो विकासकाकडून सदनिका किंवा भूखंड घेणाऱ्यांसाठी आहे आणि आपण स्वतःच्या जमिनीवर घर बांधून घेत आहात. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये सेवेच्या व्याख्येत घरबांधणी स्पष्टपणे आलेली आहे. जिल्हा आयोगाची मर्यादा 50 लाखांपर्यंत आहे आणि ती आपण मागत असलेल्या भरपाईवर नव्हे, तर सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावर मोजली जाते. 13 लाख दिले आहेत, म्हणून शुल्क अवघे 400 रुपये. तक्रार 2 वर्षांच्या आत करायची असते. काम 10 एप्रिल 2025 ला थांबले, तेव्हा वाद नको म्हणून ती तारीख धरा. नोटिसा पाठवत राहिल्याने मुदत वाढते, असा पुष्कळांचा गैरसमज आहे, तो आपण ठेवू नये. सामनेवाल्याला लेखी म्हणणे मांडायला 30 आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात आणि त्यापलीकडे आयोगही मुदत वाढवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये ठरवून दिले आहे.

या कायद्यानुसार आपण राहता त्या ठिकाणी, म्हणजे ठाण्याच्या आयोगातही, तक्रार करू शकता. तरीही मी सिंधुदुर्गनगरीचा पर्याय विचारात घ्या असे म्हणेन. घराच्या स्थळपाहणीसाठी कमिशनर नेमण्याची वेळ आली आणि तो ठाण्याहून देवगडला पाठवायचा म्हटले, तर खर्च आणि महिने दोन्ही वाढतात. प्रत्येक तारखेला रजा घेणे शक्य नसेल, तर मात्र ठाणेच बरे.

पोलिसांविषयी मेहुण्यांना समजावून सांगा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणूक सिद्ध होण्यासाठी पैसे घेतानाच काम न करण्याचा हेतू असावा लागतो. ज्याने जोते, भिंती आणि स्लॅब उभा केला, त्याच्याविषयी तसे म्हणणे कठीण जाते आणि पोलीस ठाण्यात "हा दिवाणी वाद आहे" असेच उत्तर मिळण्याची शक्यता अधिक. अपवाद शेवटच्या 2 लाखांचा होऊ शकतो: लाकूड उचलतो असे सांगून पैसे घेतले आणि लाकूड कधी मागवलेच नाही, असे वखारीतून लेखी कळले, तर तेवढ्यापुरता अर्ज देण्यास अर्थ आहे.

सेंटरिंगचे सामान अडवू नका. ते बहुधा भाड्याचे, तिसऱ्याच माणसाचे असते आणि आपणच आरोपीच्या बाजूला जाऊन बसाल. यादी करून, सही घेऊन, घेऊन जायला सांगा.

उत्तर: एक कंत्राटदार, रत्नागिरी (28 ऑक्टोबर)

मी याच व्यवसायात असल्यामुळे माझे म्हणणे काहींना पक्षपाती वाटेल, तरीही लिहितो. 1,900 रुपयांत सामानासकट चिऱ्याचे घर आजच्या मजुरीत परवडत नाही. हा दर ज्याने दिला त्याने एक तर हिशेब केला नव्हता, किंवा एका घराची उचल दुसऱ्या घरात घालून तो गाडा ओढत होता, आणि कोकणात अशी कामे बहुतेक वेळा या दुसऱ्याच कारणाने अडतात. हे त्याच्या वागण्याचे समर्थन नव्हे. मात्र प्रश्नकर्त्यांनी एक प्रामाणिकपणे सांगावे, की करारानंतर आपण काही वाढवून घेतले होते काय? ओटा मोठा करा, पडवी पुढे काढा, असे मालक सांगतात, "हिशेब शेवटी बघू" म्हणतात, आणि भांडण झाले की तेच काम कुणाच्या लक्षात राहत नाही. समोरचा माणूस ते पहिल्याच दिवशी मांडणार आहे.

आणखी एक. त्याचे गवंडी किंवा सेंटरिंगवाला राहिलेल्या मजुरीसाठी आपल्या दारी आले असतील, तर कंत्राटदाराच्या लेखी संमतीशिवाय काहीही देऊ नका. माणुसकीने द्यावेसे वाटले तर द्या, पण ती रक्कम हिशेबात धरली जाईल असे मानू नका.

प्रश्नकर्ता (29 ऑक्टोबर)

सर्वांचे आभार. धनादेश आज भरला. रत्नागिरीच्या सद्गृहस्थांनी नेमके बोट ठेवले. आम्ही पडवी 4 फूट पुढे घ्यायला सांगितली होती, त्याने 40 चौरस फूट वाढले आणि त्याचे लिखित काही नाही. वकील साहेबांना दोन गोष्टी विचारतो. वाढलेल्या पडवीमुळे दाव्याचे काय होईल? आणि पुढे वरच्या मजल्यावर पर्यटकांसाठी दोन खोल्या काढण्याचा विचार आहे, तो तक्रारीत आला तर आड येईल का?

उत्तर: तालुका कोर्टातला वकील (30 ऑक्टोबर)

पडवी आपण होऊन मान्य करा. 40 चौरस फुटांचे कराराच्या दराने 76,000 होतात, म्हणून एकूण किंमत 17,86,000 आणि आपण देणे असलेली रक्कम 4,86,000 होईल. नव्या माणसाचा 8,60,000 चा आकडा प्रत्यक्ष जागा पाहून, म्हणजे पडवीसह दिलेला असेल, तर नुकसान 3,74,000 वर येते. धनादेशाचे 2 लाख वटले तर तेही वजा करा. नव्या कंत्राटदाराकडून एकरकमी आकडा न घेता बाबनिहाय लेखी दरपत्रक घ्या आणि शक्य असल्यास आणखी एकाचे घ्या, नाहीतर ते ओळखीतून वाढवून घेतले, असा आरोप होतो.

पर्यटकांच्या खोल्यांचा मुद्दा लपवण्यासारखा नाही आणि घाबरण्यासारखाही नाही. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा ग्राहक कायद्यातून वगळली आहे, परंतु हा करार राहत्या घराचा, तळमजल्याचा आहे. खोल्यांचा विचार अजून मनातच आहे. तक्रारीत करार जसा आहे तसा मांडा.

आता नोटिशीविषयी. तीत तीन गोष्टी असाव्यात: 15 दिवसांत काम सुरू करावे, अमुक दिवशी संयुक्त मोजमापासाठी हजर राहावे, आणि दोन्ही न केल्यास करार संपुष्टात आला असे समजून उरलेले काम दुसऱ्याकडून त्याच्या जबाबदारीवर करून घेतले जाईल. ही पायरी गाळली, तर "मी काम करायला तयार होतो, मालकानेच दुसरा माणूस आणला" हा त्याचा बचाव तयार होतो. नोटीस स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, शिवाय व्हॉट्सॲपवरही पाठवा. लिफाफा "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आला, तर तो न फोडता तसाच ठेवा.

दीड लाख रोखीच्या "पोचले" या संदेशाचे केवळ छायाचित्र पुरेसे नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र त्यासोबत लागेल, आणि मूळ फोन बदलू नका किंवा विकू नका. गाऱ्हाण्याला माझा विरोध नाही. त्या बैठकीत तो "पैसे घेतले आहेत, देतो" असे दोन माणसांसमोर म्हणाला आणि ते कागदावर आले, तर मला ते हवेच आहे.

उत्तर: वाचक, चिपळूण (1 नोव्हेंबर)

आम्ही अशाच प्रकरणात आयोगाचा आदेश मिळवला आणि नंतर वसुलीसाठी त्याहून अधिक धावलो, म्हणून एवढेच सुचवतो. समोरच्या माणसाकडे काय आहे हे आताच शोधून ठेवा. त्याच्या नावावरील सातबारा ऑनलाइन पाहता येतो. तो ग्रामपंचायतीची किंवा इतर सरकारी कामे घेत असेल, तर त्याची कोणती बिले निघायची आहेत ते विचारा, कारण आदेशाची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्यासारखी होते आणि तेव्हा अशा येणे रकमेवर जप्ती आणता येते. आदेश न पाळल्यास ग्राहक कायद्याच्या कलम 72 खाली एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा 25,000 ते 1 लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आमच्या माणसाने त्या अर्जाची नोटीस गेल्यावरच हप्ते सुरू केले.

प्रश्नकर्ता (12 नोव्हेंबर)

धनादेश "अपुरी शिल्लक" म्हणून परत आला. बँकेचा मेमो 3 तारखेचा आहे आणि 138 ची नोटीस 6 ला रवाना झाली. मोजमापाची वेगळी नोटीस त्याला पोचली. काल त्याचा फोन आला, की रविवारी 16 तारखेला येतो, पण अभियंता नको, आपण दोघे बसून मिटवू. त्याने पुढचे काम 6 लाखांत करून देण्याचीही तयारी दाखवली. काय करावे?

उत्तर: निवृत्त ओव्हरसियर, कुडाळ (12 नोव्हेंबर)

अभियंत्याला बोलवाच आणि मोजमाप त्याच्यासमोरच होऊ द्या. माप लिहिलेल्या कागदावर दोघांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या घ्या. त्याने सही नाकारली, तर "हजर होते, सही नाकारली" असे लिहून साक्षीदारांची घ्या. दर आणि रुपये त्या कागदावर आणूच नका, नाहीतर दुपारपर्यंत एकही भिंत मोजून होणार नाही.

उत्तर: तालुका कोर्टातला वकील (13 नोव्हेंबर)

6 लाखांची तयारी फोनवर नको, लेखी मागा. करारानुसार त्याचे 4,86,000 शिल्लक आहेत, म्हणजे तो 1,14,000 जादा मागतो आहे. तरीही नव्या माणसापेक्षा 2,60,000 कमी लागतील, म्हणून हा पर्याय अभिमानापोटी झिडकारू नका. मात्र यापुढे एक रुपयाही आगाऊ देऊ नये. सामान आपण आणून द्यावे, मजुरी काम मोजून द्यावी, आणि 138 ची कारवाई तडजोड लेखी होऊन धनादेशाची रक्कम हातात पडेपर्यंत थांबवू नये. त्या नोटिशीचे 15 दिवस त्याला ती पोचल्यापासून मोजायचे आहेत, म्हणून पोचपावतीवरची तारीख आजच वहीत लिहून ठेवा.